आधी फाइल, मग कोब्रा

खरी कोब्रा, म्हणजे साठच्या दशकातली ती उघडी दोन-आसनी स्पोर्ट्स कार, घ्यायची ऐपत आमच्या मागच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती आणि पुढच्या सातांत होईल अशी चिन्हं नाहीत. साठच्या दशकात सगळ्या मिळून हजाराच्या आसपासच बनल्या. त्यातली अगदी पहिली, सीएसएक्स २००० या चॅसी (सांगाड्याच्या) नंबरची, २०१६ साली अमेरिकेतल्या मॉन्टेरेच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. बाकीच्या तिच्याइतक्या महाग नाहीत, पण माझ्यासारख्या नोकरदाराला त्या फरकाचं काय कौतुक! म्हणून रेप्लिका, म्हणजे तिची नव्याने बांधलेली नक्कल. आणि तीही चार हातांतून फिरून आलेली नव्हे, तर नुकतीच बांधून पूर्ण झालेली, चालू वर्षाच्या नंबराची.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. इथे माणसं घरामागच्या गॅरेजमध्ये अख्खी मोटार बांधतात, सरकार ती तपासतं आणि रीतसर नंबर देतं. मूळचा मी कोथरूडचा. लहानपणी ज्या टेकडीवर संध्याकाळी फिरायला जायचो तिला सगळे एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण गाड्यांच्या चाचण्या घेणारी ती संस्था तिथेच आहे. आपल्याकडे नवं मॉडेल रस्त्यावर आणायचं तर आधी त्याचा नमुना अशा एखाद्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. कंपन्यांसाठी ते ठीक आहे, पण हौसेनं एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च आणि ती यातायात कशी परवडणार? आणि आहे त्या गाडीत फेरफार करायला जावं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे पुण्यात असतो तर हा विचार विचारच राहिला असता.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण सौदा करताना ती उपयोगी पडते. सरे परगण्यातल्या थेम्स डिटनची एसी कार्स ही छोटी कंपनी ‘एस’ नावाची देखणी, हलकी, उघडी दोन-आसनी गाडी बनवायची. तिला लागणारं ब्रिस्टलचं सहा सिलिंडरचं इंजिन बंद होणार असं दिसू लागलं. तिकडे अमेरिकेत कॅरोल शेल्बी नावाचा टेक्सासचा रेसर होता. १९५९ साली फ्रान्समधली ल मांची प्रसिद्ध शर्यत जिंकलेला, पण हृदयाच्या दुखण्यामुळे शर्यती सोडाव्या लागलेला. त्याने १९६१ मध्ये एसीला विचारलं, तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवू का? फोर्डने इंजिन दिलं आणि १९६२ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या डीन मूनच्या वर्कशॉपमध्ये पहिली कोब्रा जुळवली गेली. १९६५ मध्ये ७ लिटरची ४२७ आली (हा आकडा इंजिनाच्या घन इंचांचा): जाड नळ्यांची चॅसी, कॉइल स्प्रिंग आणि फुगलेले मडगार्ड. आज जवळजवळ प्रत्येक रेप्लिका या शेवटच्या रूपाचीच नक्कल असते.

म्हणजे मूळ गाडीच इंग्लंडच्या अंगात अमेरिकेचं काळीज घालून जुळवलेली. शिवाय ४२७ म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांत प्रत्यक्षात ४२८ नंबरचं, त्याहून स्वस्त इंजिन होतं. तेव्हा रेप्लिकावाल्यांकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, असं माझं मत आहे.

विकायला असलेल्या नव्या रेप्लिका इथे दोन प्रकारच्या सापडतात. एक, कंपनीने स्वतः जुळवून चावी हातात दिलेली. दुसरी, कुणीतरी किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून घरी बांधलेली. पहिलीला पैसे जास्त पडतात आणि मन जरा निवांत राहतं. दुसरीत तुम्ही एका माणसाचे हात विकत घेता. तो माणूस कसा आहे ते गाडीच्या रंगावरून कळत नाही. रंग कुठलाही चांगला पेंटर मारून देतो.

मला आवडलेली गाडी दुसऱ्या प्रकारातली. जाहिरातीत गडद हिरव्या रंगाचे फोटो होते आणि त्यानेच मी थांबलो, कारण इथल्या दर दुसऱ्या रेप्लिकेवर तेच निळं अंग आणि तेच पांढरे पट्टे. विकणारे गृहस्थ निवृत्त टूलमेकर. बरीच वर्षं खपून गाडी स्वतःसाठी बांधली, नंबर मिळाला, जेमतेम तीनशे मैल फिरवली आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कोब्राचा क्लच जड, पायांची जागा अरुंद, आणि आत बसायचं तर आधी सीटवर उभं राहून मग पाय खाली सोडायचे. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांना पटलेलं नव्हतं, पण गुडघ्याने पटवून दिलं होतं.

फोनवर मी किंमत विचारलीच नाही. विचारलं ते एवढंच: नंबर कोणत्या प्रकारचा आहे, नोंदणीच्या कागदावर ‘मेक’च्या रकान्यात काय लिहिलंय, आणि आयव्हीएचं, म्हणजे सरकारी मंजुरीच्या चाचणीचं, सर्टिफिकेट आहे का.

नंबराची भानगड अशी. घरी बांधलेल्या गाडीचे सगळे भाग नवे असतील, किंवा फक्त एक मुख्य भाग जुना पण नव्यासारखा दुरुस्त करून घेतलेला असेल आणि त्याच्या पावत्या असतील, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. भागांचं वय सिद्ध करता आलं नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारी पाटी मिळते. क्यू पाटीची गाडी बेकायदा नसते, पण विकताना किंमत घटते, आणि जन्मतारीख नसलेल्या मुलासारखं तिच्याबद्दल जो तो प्रश्न विचारत राहतो. ही गाडी चालू वर्षाच्या नंबराची होती. ‘मेक’च्या रकान्यात किट बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, एसीचं नव्हे. हे मला बरं वाटलं. जाहिरातीत ‘एसी कोब्रा’ आणि कागदावर भलतंच, असले नमुने मी आधी पाहिले होते.

बघायला जाताना एका मित्राला सोबत नेलं. तो सातारचा, इथे एका कारखान्यात वेल्डिंगचं काम बघतो. गाडी रस्त्यावर त्याला देखणी वाटत नाही, लिफ्टवर वाटते.

गृहस्थांनी चहा दिला आणि गॅरेज उघडायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन जाडजूड फायली ठेवल्या. एकीत पावत्या, किटपासून ते मागच्या दिव्याच्या बल्बपर्यंत. दुसरीत बांधणीचे फोटो आणि सगळ्यात वर एक कागद: आयव्हीएच्या पहिल्या चाचणीत गाडी नापास झाल्याचा. कुणी न विचारता त्यांनी तोच आधी पुढे सरकवला. मित्र माझ्या कानाशी पुटपुटला, ‘‘सौदा इथेच झाला बघ.’’

आयव्हीए म्हणजे एकेका गाडीला स्वतंत्रपणे मंजुरी देणारी चाचणी. २००९ मध्ये ती आधीच्या एसव्हीए नावाच्या चाचणीच्या जागी आली, आणि डीव्हीएसए हा सरकारी विभाग ती घेतो. कोब्रासारख्या गाडीची यात हमखास विकेट पडते ती धारदार कडांवर. तपासनीस बाहेरून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा आणि आतून डोक्याच्या मापाचा, १६५ मिलिमीटरचा गोळा फिरवतो. गोळ्याला जी कड लागेल ती गोलाईदार हवी, बाहेर किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची. आता साठच्या दशकातल्या गाडीवर काय काय असतं: विंडस्क्रीनच्या बाजूचे पातळ खांब, बॉनेटच्या मुठी, डॅशबोर्डवरचे खटक्याचे स्विच, पुढचे-मागचे नळीचे बंपर. सगळं टोचणारं! या गाडीच्या नापास कागदावर विंडस्क्रीनच्या खांबांची कड, डॅशखालची एक पट्टी आणि मागच्या फॉग लॅम्पची जागा अशा नोंदी होत्या. आवाजात मात्र पास. एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात माइक धरून, इंजिन ज्या आरपीएमला कमाल ताकद देतं त्याच्या तीन-चतुर्थांशाला नेऊन मोजतात. मर्यादा ९९ डेसिबल, यांचा आकडा ९७.

दुसऱ्या चाचणीत गाडी पास झाली. पुष्कळ लोक पास झाल्यावर कडांवरचं रबर उपटून टाकतात आणि चाचणीपुरतं बसवलेलं गुबगुबीत स्टिअरिंग काढून लाकडी लावतात. इथेही लाकडी स्टिअरिंग लागलं होतं, डॅशखालचं रबर मात्र जागेवर होतं. ‘‘माझा गुडघा तिथेच आपटतो,’’ गृहस्थ म्हणाले.

मग गॅरेज. इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असं मी सांगितलं होतं आणि हात लावून पाहिलं तर थंडच होतं. मित्र आडवा होऊन गाडीखाली गेला आणि तिथून त्याचं समालोचन सुरू झालं. ‘‘वेल्ड एकसारखे आहेत. ब्रेकच्या पाइपला जागोजागी क्लिपा. नायलॉक नटातून दोन-दोन आटे बाहेर. आणि हे बघ, प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ.’’ टॉर्क पान्ह्याने आवळून झालं की नट आणि पट्टी यांवरून रंगाची एक रेघ ओढायची. नट सैल झाला की रेघ तुटते, लांबूनही कळतं. कारखान्यात ही सवय असते. घरी बांधलेल्या गाडीत ती दिसली की समजावं, इथे काम झालंय.

इंजिन होतं फोर्डचं ३०२, म्हणजे ४.९ लिटरचं व्ही-८. मूळ ४२७ च्या मानाने लहान, पण अकराशे किलोच्या गाडीला कितीसं लागतं! हाच तो एकमेव जुना भाग, नव्यासारखा करून घेतलेला. पाच गियरचा गिअरबॉक्स कोरा. पावतीवर इंजिन १९७१ चं लिहिलेलं. ते खरं की नाही हे बघायला मी स्टार्टर मोटरच्या वरच्या बाजूला टॉर्च मारला. ओतीव आकड्यांवर काळा रंग चढला होता, बोटाला चिंधी गुंडाळून घासल्यावर अक्षरं उठून आली: डी आणि पुढे १. फोर्डच्या पद्धतीत पहिलं अक्षर दशकाचं, सी म्हणजे साठचं, डी म्हणजे सत्तरचं, आणि पुढचा आकडा वर्षाचा. जुळलं. हे जुळणं फार महत्त्वाचं, कारण ऑगस्ट १९७५ च्या आधीच्या इंजिनाला धुराची चाचणी फक्त डोळ्यांनी बघून होते. इंजिनाचं वय खोटं निघालं तर त्यावर उभं असलेलं मंजुरीचं सर्टिफिकेटही डळमळतं.

बॉडी फायबरची. मूळ गाडीची ॲल्युमिनियमची असायची, पत्रा हाताने ठोकून आणि चाकावर फिरवून घडवलेली. फायबरला गंज नाही, पण आतून ताण आला की रंगाखाली बारीक चिरा पडतात, बहुधा दरवाजाच्या कोपऱ्यांत आणि बिजागरीभोवती. त्या बघायला ऊन नको, सावलीच बरी. अंग जमिनीला टेकवून एका डोळ्याने मडगार्डवरून नजर फिरवली. एका ठिकाणी पृष्ठभाग किंचित लाटेसारखा होता, चिरा नव्हत्या. डावा दरवाजा उजव्यापेक्षा अंमळ जास्त फटीचा. असू दे. थेम्स डिटनच्या गाड्याही दोन सारख्या नव्हत्या म्हणतात.

दोष सापडला तो वेगळ्याच जागी. इग्निशन चालू करून मी इंडिकेटर लावला तर पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर हलायला लागला. टक-टक, टक-टक. ब्रेक दाबला की काटा आणखी खाली. लोखंडी गाडीत अख्खी बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला परतीची स्वतंत्र तार लागते, आणि त्यातली एखादी कच्ची राहिली की करंट शेजाऱ्याच्या तारेतून वाट काढतो. फायबरच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांनी लगेच डिकीतलं कार्पेट वर केलं, मागच्या दिव्यांच्या सगळ्या तारा जिथे एका बोल्टवर एकत्र येतात तो बोल्ट काढला. खाली चॅसीवरचं पावडर कोटिंग खरवडायचं राहून गेलं होतं. नुसत्या आट्यांवर कनेक्शन टिकून होतं. पॉलिश पेपरने जागा घासली, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. काटा जागच्या जागी थांबला. मी खूश, आणि ते माझ्याहून खूश, कारण काटा का नाचतो हे म्हणे त्यांनाही सतावत होतं.

रस्त्यावर त्यांनी चालवली आणि मी शेजारी बसलो. माझा विमा नव्हता. त्यांच्या घरामागे एका शेताचा खाजगी रस्ता जातो, तिथे मालकाच्या परवानगीने स्टिअरिंग माझ्या हातात आलं. एबीएस नाही, एअरबॅग नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. पहिल्या गियरमध्ये पायाचा अंगठा जरा जास्त दाबला गेला आणि मागची चाकं सरकली. ही गाडी वेगाने पळवण्यापेक्षा हळू चालवणं अवघड आहे, हे तिथेच कळलं. ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते, हात सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं, गिअर अडकत नाही. पाय मात्र भाजतात. पाय ठेवायच्या जागेला इंजिन अगदी खेटून आहे, आणि सप्टेंबरातल्या थंड दुपारीसुद्धा बुटाच्या तळव्यातून गरम लागत होतं.

उतरताना गृहस्थ ओरडले, पण उशीर झाला होता. कोब्राचे सायलेन्सर दोन्ही बाजूंना, दरवाजाच्या अगदी खाली. उतरताना पिंढरी टेकली की चटका. इथले मालक त्याला सर्पदंश म्हणतात. नवा मालक झाल्याचा शिक्का म्हणे!

किमतीची घासाघीस आमच्या मानाने फारच सभ्य झाली. त्यांच्या मनात चाळीस हजार पौंडांच्या पुढचा आकडा होता. पावत्यांची बेरीज मी टेबलावरच केली, तर नुसतं सामानच जवळजवळ तेवढ्याचं होतं. मजुरी त्यांनी धरलीच नव्हती. मी थोडं खाली मागितलं, ते थोडं खाली आले. मित्र नंतर म्हणाला, ‘‘अजून दोन हजार सुटले असते.’’ सुटले असतील. पण फाइल, फोटो, उरलेले सुटे भाग आणि कधीही फोन करायची मुभा, हे सगळं त्या किमतीत होतं.

विम्याने मात्र घाम काढला. नेहमीच्या वेबसाइटवर गाडी निवडायची यादी असते, तिच्यात या किटचं नावच नाही. शेवटी हौशी गाड्यांचा विमा काढणाऱ्या एका दलालाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, खरी की रेप्लिका? दुसरा, रात्री कुठे ठेवणार? अशा गाडीला बाजारभाव नावाची गोष्ट नसते, म्हणून ठरलेल्या किमतीचा विमा घ्यायचा: फोटो, पावत्या आणि जाणकाराचं मूल्यांकन देऊन आकडा आधीच लिहून घ्यायचा. तसं न करता गाडी गेली तर कंपनी ‘जुन्या स्पोर्ट्स कार’च्या भावाने हिशोब करायला मोकळी. वर्षाचे मैल मर्यादित, चोरी रोखणारा इमोबिलायझर हवा, बंद गॅरेज हवं. हप्ता ऐकून उलट आश्चर्य वाटलं, आमच्या रोजच्या गाडीपेक्षा कमी! दलाल म्हणाला, असल्या गाड्या कुणी पावसात ऑफिसला नेत नाही.

बाकीचे कागद मिनिटांत झाले. गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना हे ऑनलाइन तपासलं, चॅसीवर कोरलेला नंबर कागदाशी पडताळला, पैसे बँकेतून पाठवले. गृहस्थांनी माझ्यासमोरच डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहननोंदणी खात्याला, मालक बदलल्याचं कळवलं आणि नोंदणीच्या कागदाची नव्या मालकासाठीची हिरवी चिठ्ठी माझ्या हातात दिली. इथे रोड टॅक्स जुन्या मालकाबरोबर संपतो, म्हणून तिथूनच मोबाइलवर भरला आणि मगच चावी फिरवली.

आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. ती म्हणाली, ‘‘म्हणजे डुप्लिकेट?’’ मी सगळं समजावलं: शेल्बी, ब्रिस्टलचं इंजिन, आयव्हीए. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि छप्पर?’’ छप्पर आहे, एका पिशवीत, घडी घालून. लावायला दोन माणसं लागतात आणि तोवर पाऊस थांबतो. बायको तर एकदाच बसली. केस, कान आणि स्कार्फ या तिन्हींचा हिशोब लावून तिने, ‘‘अरे, तू जा, मी मागून आपल्या गाडीने येते,’’ असं सांगून विषय मिटवला.

पाचशे मैलांवर ऑइल बदललं आणि गृहस्थांच्या यादीप्रमाणे खालचे सगळे बोल्ट तपासले. एक्झॉस्टच्या जोडावरच्या दोन बोल्टांच्या रेघा तुटलेल्या दिसल्या. गरम-थंड होऊन तिथे ते सैल होतातच. आवळले, लॉक वॉशर बदलले. आता प्रश्न उरलाय तो ट्रॅफिकचा. दहा मिनिटं रांगेत उभं राहिलं की पाण्याचा काटा वर चढतो. माझं म्हणणं, पंखा लवकर सुरू करणारा, कमी तापमानाचा स्विच घालावा. मित्र म्हणतो, स्विचला दोष देऊ नकोस, पंखाच छोटा आहे. गृहस्थांना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘ट्रॅफिकमध्ये नेताच कशाला?’’ या रविवारी मित्र मोठा पंखा घेऊन येतोय, माप न घेताच.